नवं चॅनेल आणि शॉर्ट्स: आलेला प्रेक्षक थांबावा म्हणून काय करायचं

नव्या चॅनेलवर पहिला मोठा व्हिडिओ टाकला की बहुतेकांच्या वाट्याला शांतता येते. चार-पाच दिवस खपून केलेलं काम ओळखीची माणसं बघतात आणि आलेख तिथेच थांबतो. मग कुणीतरी सांगतं, शॉर्ट्स टाक. शॉर्ट टाकला की एका रात्रीत हजारभर व्ह्यूज दिसतात आणि हुरूप येतो. दोन दिवसांनी तोही आलेख खाली येतो, आणि मोठ्या व्हिडिओचा आकडा मात्र होता तिथेच असतो.

असं होण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. शॉर्ट एका माणसासाठी केलेला असतो आणि मोठा व्हिडिओ दुसऱ्याच माणसासाठी. शॉर्टमध्ये गंमत, मोठ्या व्हिडिओत शिकवणी, आणि दोघांना जोडणारं काहीच नाही. म्हणून या लेखातली पद्धत उलटी आहे: आधी मोठा व्हिडिओ ठरवायचा, मग त्याच्यातूनच शॉर्ट्स काढायचे. लेख यूट्यूब शॉर्ट्सबद्दल आहे, कारण छोटा आणि मोठा व्हिडिओ एकाच चॅनेलवर शेजारीशेजारी तिथेच नांदतात.

फीडमध्ये तुमचा शॉर्ट कसा पोहोचतो

मोठा व्हिडिओ माणूस निवडून बघतो. थंबनेल आवडतं, शीर्षक पटतं, मग तो क्लिक करतो. शॉर्ट्सच्या फीडमध्ये ही निवड नसते. व्हिडिओ आपोआप सुरू होतो आणि प्रेक्षकाकडे एकच हत्यार असतं, अंगठा. थांबायचं की वर सरकवायचं हे तो पहिल्या एक-दोन सेकंदांत ठरवतो. नवा शॉर्ट आधी थोड्या प्रेक्षकांसमोर जातो. ते थांबले, शेवटपर्यंत राहिले, तर त्याच आवडीच्या आणखी लोकांपर्यंत तो जातो. चॅनेलला सबस्क्रायबर किती, याला इथे फारसं वजन नाही, आणि नव्या माणसासाठी हीच मोठी सोय आहे.

व्ह्यूजच्या आकड्याबद्दल एक गोष्ट पक्की समजून घ्या. ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट नुसता सुरू झाला किंवा पुन्हा सुरू झाला तरी एक व्ह्यू धरला जातो, मग प्रेक्षकाने तो अर्ध्या सेकंदात सरकवला असला तरी. जुन्या पद्धतीने मोजलेला, म्हणजे खरोखर थोडा वेळ बघितला गेलेला आकडा आता 'एंगेज्ड व्ह्यूज' या नावाने यूट्यूब स्टुडिओत, म्हणजे चॅनेल सांभाळायच्या यूट्यूबच्या जागी, वेगळा दिसतो. कमाई आणि पार्टनर प्रोग्रॅमची, म्हणजे चॅनेलला पैसे मिळवून देणाऱ्या यूट्यूबच्या योजनेची, पात्रता त्याच्यावरच ठरते. तुमचं लक्षही त्याच्यावरच असू द्या.

कॅमेरा उचलण्याआधी

चॅनेल कुणासाठी आहे हे एका वाक्यात लिहा. 'सायकलप्रेमींसाठी' हे फार ढोबळ झालं. 'गिअरची सायकल नवीनच घेतलेला, दुरुस्ती स्वतः करू पाहणारा माणूस' हे कामाचं वाक्य आहे. त्याला काय येत नाही, कशाची भीती वाटते, कोणता शब्द ऐकून तो गोंधळतो, हे सगळं त्या वाक्यातून सुचत जातं.

मग शॉर्ट टाकण्याआधी तीन-चार मोठे व्हिडिओ तयार ठेवा. याबाबत माझं मत ठाम आहे. शॉर्ट बघून तुमच्या नावावर टिचकी मारणारा माणूस चॅनेलवर येतो तेव्हा तिथे त्याला बघण्यासारखं काहीतरी हवं. रिकाम्या चॅनेलवर आलेला माणूस परत फिरतो आणि पुन्हा कधी येईल याचा भरवसा नसतो. हे व्हिडिओ लांबलचक असायची गरज नाही, सहा-आठ मिनिटांचेही चालतील. पण ते एकाच माणसाच्या एकामागून एक येणाऱ्या अडचणी सोडवणारे असावेत, आणि एका प्लेलिस्टमध्ये क्रमाने लावलेले असावेत.

मोठ्या व्हिडिओतून शॉर्ट काढणे

खरं काम इथे आहे, म्हणून एक उदाहरण पूर्ण घेऊ. समजा मोठा व्हिडिओ आहे 'सायकलचे मागचे गिअर स्वतः कसे जुळवायचे', बारा मिनिटांचा. त्याचे कोणतेही तीस सेकंद कापले की शॉर्ट तयार होत नाही, कारण मोठ्या व्हिडिओतलं वाक्य मागच्या वाक्याच्या आधाराने उभं असतं. कापून काढलं की ते लटकतं. त्याऐवजी मोठा व्हिडिओ कोणकोणत्या तक्रारींना उत्तर देतो याची यादी करा, तीही प्रेक्षकाच्या भाषेत:

चेन आतल्या बाजूला, आऱ्यांकडे पडते.
मोठ्या चक्रावर चेन चढायला वेळ लावते.
गिअर बदलला नाही तरी टकटक आवाज येत राहतो.
सगळं जुळवलं तरी दोन दिवसांनी पुन्हा बिघडतं.

यातल्या पहिल्या तिन्हींचा एकेक शॉर्ट होतो. चौथीचा होत नाही, कारण तिची कारणं अनेक आहेत आणि ती एकेक करून तपासावी लागतात. ती मोठ्या व्हिडिओतच शोभते. एका वाक्यात तक्रार आणि एका कृतीत उत्तर, असं ज्याचं होतं तो शॉर्ट. बाकीचं मोठ्यासाठी ठेवा.

आता पहिल्या तक्रारीचा शॉर्ट सेकंदासेकंदाने बघू.

० ते २ सेकंद: अगदी जवळून दृश्य. पेडल फिरतंय आणि चेन सर्वांत मोठ्या चक्रावरून घसरून आऱ्यांच्या बाजूला पडते. आवाज: "चेन इथे पडली तर आरे तुटू शकतात." पडद्यावर अक्षरं: चेन आत पडते?

२ ते ८ सेकंद: मागच्या डिरेलरवरचे (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) दोन छोटे स्क्रू, त्यांतल्या एकावर बोट. "इथे दोन स्क्रू आहेत. आपल्याला 'एल' लिहिलेला हवा."

८ ते २० सेकंद: चेन सर्वांत मोठ्या चक्रावर, स्क्रूड्रायव्हर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पाव फेरा. "पाव फेरा, बस. पेडल फिरवून बघा. अजून पडतेय? आणखी पाव फेरा."

२० ते २७ सेकंद: चेन मोठ्या चक्रावर चढते आणि तिथेच राहते. इथे बोलायचं नाही. चेनचा आवाज ऐकू द्या.

२७ ते ३४ सेकंद: "एवढं करूनही पडत असेल तर डिरेलर ज्या हँगरवर बसवलेला असतो तो वाकलेला असू शकतो. तो कसा तपासायचा ते मोठ्या व्हिडिओत दाखवलंय, लिंक इथेच खाली आहे."

या चौतीस सेकंदांत काय नाही ते पाहा. "नमस्कार मित्रांनो" नाही, चॅनेलचा लोगो फिरत येत नाही, "सबस्क्राइब करा, घंटी दाबा" नाही. दृश्य थेट बिघाडापासून सुरू होतं. ज्याची चेन पडते त्याला ती पहिल्याच क्षणी ओळखू येते, आणि ज्याच्याकडे गिअरची सायकलच नाही तो निघून जातो. त्याने जावंच, कारण पुढे तो तुमचा मोठा व्हिडिओ बघणार नव्हता.

शेवटचं वाक्य सगळ्यांत विचार करून लिहायचं असतं. शॉर्टने आपल्या तक्रारीचं उत्तर पूर्ण दिलेलं आहे. मोठ्या व्हिडिओकडे बोट दाखवलंय ते पुढच्या अडचणीसाठी. उत्तर मध्येच तोडून "बाकीचं मोठ्या व्हिडिओत बघा" म्हणणारे शॉर्ट्स भरपूर दिसतात, पण त्यातून माणसाचा विश्वास जातो. ज्याने तीस सेकंद दिले त्याच्या हातात काहीतरी पडायलाच हवं. काम झालं, पुढची शंका मनात आली आणि तिचंही उत्तर याच माणसाकडे आहे, असं वाटलं की तो स्वतःहून लिंकवर जातो.

चित्रीकरण

शॉर्टसाठी उभी चौकट घ्या, १०८० बाय १९२०. आडव्या व्हिडिओतून उभा तुकडा कापण्याचा मोह होतो, तर त्याचं गणित माहीत असू द्या. १९२० बाय १०८० च्या आडव्या चौकटीतून ९:१६ चा उभा तुकडा काढला तर रुंदीला जेमतेम ६०७ पिक्सेल उरतात, आणि ते ताणून १०८० करावे लागतात. चित्र मऊ, धूसर दिसतं. मोठा व्हिडिओ फोर-के मध्ये घेतला असेल तर त्याच कापणीत सुमारे १२१५ पिक्सेल मिळतात आणि काम भागतं. तरीही शक्य असेल तिथे महत्त्वाची कृती फोन उभा धरून पुन्हा एकदा चित्रित करा. सामान मांडलेलं असतं, उजेड लावलेला असतो, दहा मिनिटं जास्त लागतात, पण चौकट भरून दिसणाऱ्या स्क्रूची सर कापलेल्या तुकड्याला येत नाही.

पडद्याच्या उजव्या कडेला लाइक, कमेंट, शेअरची बटणं असतात आणि खालच्या भागात चॅनेलचं नाव व शीर्षक. तिथे तुमची अक्षरं गेली की झाकली जातात. पडद्यावरचा मजकूर मध्यभागी किंवा मध्याच्या थोडा वर ठेवा. एका वेळी चार-पाच शब्दांपेक्षा जास्त नको. बरेच जण आवाज बंद ठेवून बघतात, म्हणून बोलणं कॅप्शनमध्येही द्या, आणि आपोआप तयार झालेली कॅप्शन एकदा वाचून दुरुस्त करा. मराठीत जोडाक्षरं आणि इंग्रजी शब्द हमखास चुकतात.

आवाजासाठी महागडा माइक लागत नाही. कॉलरला लावायचा साधा माइक चालतो, किंवा फोन जवळ ठेवून वेगळा आवाज रेकॉर्ड करून नंतर जोडा. घुमणारा आवाज मात्र खपवून घेऊ नका.

एडिट आणि लांबी

१५ ऑक्टोबर २०२४ पासून चौकोनी किंवा उभा व्हिडिओ तीन मिनिटांपर्यंत शॉर्ट म्हणून धरला जातो, त्याआधी मर्यादा ६० सेकंदांची होती. मर्यादा वाढली म्हणून लांबी वाढवू नका. कृती जितकी तितका शॉर्ट. वाक्यांमधले श्वास, "तर", "म्हणजे", उचलाठेव, सगळं कापा. पण हाताची कृती घाईने कापू नका. स्क्रू कोणत्या दिशेला फिरला हे डोळ्याला टिपता आलं पाहिजे.

गाणी लावताना सांभाळा. एका मिनिटापेक्षा मोठ्या शॉर्टमध्ये कुणाच्या हक्काचं संगीत असेल आणि त्यावर कंटेंट आयडीचा (हक्काचा मजकूर आपोआप ओळखणारी यूट्यूबची यंत्रणा) दावा लागला तर तो शॉर्ट जगभर ब्लॉक होतो. शिकवणाऱ्या व्हिडिओला मुळात गाण्याची गरज कमीच असते. चेनचा, कात्रीचा, पेन्सिलचा खरा आवाज जास्त धरून ठेवतो.

शेवटचं दृश्य पहिल्या दृश्याला अलगद जुळलं तर व्हिडिओ पुन्हा सुरू झाल्याचं जाणवत नाही आणि काही जण दुसऱ्यांदा बघतात. सहज जमलं तर छान. त्यासाठी वाक्य अर्धवट तोडू नका.

अपलोड करताना

शीर्षकाला १०० अक्षरांची मर्यादा आहे, पण फीडमध्ये त्यातली पहिली थोडीच दिसतात. तक्रार आधी येऊ द्या: 'चेन आत पडते? हा एक स्क्रू बघा'. शॉर्ट्स हा हॅशटॅग लावल्याशिवाय व्हिडिओ शॉर्ट होत नाही, हा समज जुना आहे. आकार आणि लांबी बरोबर असली की पुरे. विषयाचे दोन-तीन हॅशटॅग ठीक. ते साठाच्या वर गेले तर यूट्यूब सगळेच दुर्लक्षित करतं.

सर्वांत महत्त्वाचं काम मात्र लिंकचं आहे, आणि नेमकं तेच बहुतेक जण विसरतात. ऑगस्ट २०२३ च्या अखेरीपासून शॉर्टच्या वर्णनातल्या आणि कमेंटमधल्या लिंकवर टिचकी चालत नाही. मोठ्या व्हिडिओत दुसऱ्या व्हिडिओकडे नेणाऱ्या एंड स्क्रीन (शेवटी दिसणारी) आणि कार्ड (मध्येच दिसणारं) या सोयीही शॉर्टला नसतात. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी जण अजूनही पहिल्या कमेंटमध्ये लिंक चिकटवून बसतात आणि कुणी आलं नाही म्हणून हताश होतात. त्याऐवजी 'संबंधित व्हिडिओ'ची सोय वापरायची. यूट्यूब स्टुडिओत जा, कंटेंटमधून तो शॉर्ट उघडा, तपशिलात 'संबंधित व्हिडिओ' हा पर्याय शोधा आणि तुमचा मोठा व्हिडिओ निवडा. मग शॉर्टवर शीर्षकाजवळ त्याची टिचकी मारता येणारी पट्टी दिसते. पर्याय दिसत नसेल तर सेटिंग्जमध्ये चॅनेलची फीचर पात्रता तपासा, पडताळणी राहिलेली असू शकते.

फोनवरून अपलोड करत असाल तर त्याच वेळी व्हिडिओतली एखादी चौकट थंबनेल म्हणून निवडून घ्या. फीडमध्ये तिचा उपयोग नाही, पण चॅनेलच्या पानावर आणि सर्चमध्ये ती दिसते. व्हिडिओ मुलांसाठी आहे की नाही, याचं उत्तर खरं द्या. खऱ्यासारखं दिसणारं दृश्य किंवा आवाज एआयने बनवलेला असेल तर तसं जाहीर करण्याचा पर्याय तिथेच आहे, तो वापरा.

हाच शॉर्ट इन्स्टाग्रामवर रील म्हणून टाकायचा असेल तर एडिट संपल्याबरोबर त्याची वॉटरमार्क नसलेली स्वच्छ प्रत बाजूला ठेवा. दुसऱ्या अ‍ॅपचा शिक्का असलेल्या रील्स कमी सुचवल्या जातील, हे इन्स्टाग्रामने २०२१ मध्येच सांगितलं होतं.

किती आणि कधी

आठवड्याला एक मोठा व्हिडिओ आणि त्यातून निघालेले दोन-तीन शॉर्ट्स, हा एकट्या माणसाला झेपणारा वेग आहे. आधी मोठा टाका, मग पुढच्या दिवसांत एकेक शॉर्ट, म्हणजे लिंक द्यायला व्हिडिओ तयार असतो. रोज तीन शॉर्ट्सचा सल्ला सगळीकडे मिळतो. नोकरी किंवा शिक्षण सांभाळून ते करणारा माणूस लवकर थकतो आणि मोठे व्हिडिओ सर्वांत आधी बंद पडतात. घड्याळातली नेमकी वेळ शोधण्यात जीव घालवू नका. शॉर्ट कधीकधी आठवड्यांनंतरही उचलला जातो, म्हणून दोन दिवसांत चालला नाही म्हणून काढून पुन्हा टाकण्यातही अर्थ नाही.

आकडे वाचणे

स्टुडिओतल्या अ‍ॅनॅलिटिक्समध्ये बघण्यासारखं बरंच आहे. नव्या चॅनेलने तीन ठिकाणी बघावं.

पहिलं, किती जणांनी थांबून बघितलं आणि किती जणांनी सरकवलं. सरकवणारे फारच जास्त असतील तर पहिल्या दोन सेकंदांचं दृश्य बदला. बाकीच्या एडिटला दोष देऊ नका, तो त्यांनी पाहिलेलाच नाही. दुसरं, प्रेक्षक कुठे गळाले हे दाखवणारा आलेख. तो हळूहळू उतरत असेल तर ठीक, एका जागी कडा तुटल्यासारखा कोसळत असेल तर तो सेकंद उघडून बघा. बहुतेक वेळा तिथे तुम्ही कृती सोडून बोलायला लागलेले असता, किंवा "चला तर मग" म्हणून निरोप घ्यायला सुरुवात केलेली असते. माणूस निरोप ऐकायला थांबत नाही.

तिसरं ठिकाण प्रेक्षक टॅबमध्ये: नवे किती आणि परत आलेले किती. व्ह्यूज भरपूर, थांबणारेही भरपूर, पण परतणारे वाढत नसतील तर शॉर्ट चुकीच्या माणसाला खेचतोय. सायकलवरून पडण्याची गमतीशीर क्लिप टाकली तर व्ह्यूज मिळतील, पण आलेला माणूस हसायला आला होता, स्क्रू फिरवायला नव्हे. अशा वेळी चाललेल्या शॉर्टच्या मागे धावून तसेच आणखी करण्याचा मोह फार तीव्र असतो. तो टाळा.

पैशांचं गणित

यूट्यूब पार्टनर प्रोग्रॅममधून जाहिरातींचा वाटा मिळवायला १००० सबस्क्रायबर लागतात, आणि त्यासोबत मागच्या १२ महिन्यांत ४००० तासांचा वॉच टाइम किंवा मागच्या ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज. त्याआधीची एक पायरी ५०० सबस्क्रायबरवर आहे. तिथे ९० दिवसांत तीन सार्वजनिक अपलोड, आणि त्यासोबत १२ महिन्यांत ३००० तास किंवा ९० दिवसांत ३० लाख शॉर्ट्स व्ह्यूज लागतात. तेवढ्यावर मेंबरशिप, सुपर थँक्स अशा सोयी खुल्या होतात, जाहिरातींचा वाटा नाही. शॉर्ट्स फीडमध्ये बघितलेला वेळ या तासांत धरला जात नाही.

आता भागाकार करून बघा. ९० दिवसांत १ कोटी म्हणजे रोज सुमारे १ लाख ११ हजार व्ह्यूज, सलग तीन महिने. दुसरीकडे ४००० तास म्हणजे २ लाख ४० हजार मिनिटं. प्रत्येक प्रेक्षक तुमचा मोठा व्हिडिओ सरासरी चार मिनिटं बघत असेल तर वर्षभरात ६० हजार व्ह्यूज, म्हणजे दिवसाला साधारण १६५. एखादी गोष्ट शिकवणाऱ्या चॅनेलला हा दुसरा रस्ता कितीतरी जवळचा आहे, आणि शॉर्ट्सनी आणलेली माणसं याच रस्त्यावर कामाला येतात. शिवाय मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातींतला ५५ टक्के वाटा मिळतो. शॉर्ट्सच्या बाबतीत तुमच्या वाट्याला आलेल्या रकमेतले ४५ टक्के मिळतात, आणि एक गाणं वापरलं असेल तर तुमच्या व्ह्यूजची निम्मी रक्कम आधीच संगीताकडे वळलेली असते.

दुसऱ्यांच्या क्लिप्स उचलून किंवा एकाच साच्यातले शेकडो व्हिडिओ काढून व्ह्यूज मिळाले तरी पार्टनर प्रोग्रॅमच्या तपासणीत चॅनेल नाकारलं जाऊ शकतं. हात तुमचे दिसू द्या, आवाज तुमचा असू द्या.

एखादा शॉर्ट उचलला गेला की

त्या दिवशी नवं काही चित्रित करण्याआधी तीन कामं उरका. संबंधित व्हिडिओची लिंक बरोबर लागली आहे का ते बघा. त्या मोठ्या व्हिडिओच्या शेवटी पुढच्या व्हिडिओची एंड स्क्रीन लावा, म्हणजे आलेला माणूस तिथून पुढे जाईल. आणि शॉर्टखालच्या कमेंट्स वाचून प्रश्नांना उत्तरं द्या. "माझ्या सायकलवर 'एल' लिहिलेलंच नाही, काय करू?" असा प्रश्न दोघा-तिघांनी विचारला असेल तर त्या कमेंटलाच शॉर्टने उत्तर देण्याची सोय अ‍ॅपमध्ये आहे. ते उत्तर दोन-तीन दिवसांच्या आत टाका. तोच प्रश्न निरनिराळ्या रूपांत येत राहिला, कुणाचा डिरेलर जुना, कुणाचे स्क्रू गंजलेले, कुणाला कोणता स्क्रू कशाचा तेच कळत नाही, तर पुढचा मोठा व्हिडिओ त्याच्यावरच करा आणि शीर्षकात प्रेक्षकांनी वापरलेलेच शब्द ठेवा.